‘गलबत’ यानातली चुंबकी लिफ्ट: एका शाळेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा सिंधुदुर्गातली, मालवणच्या बाजूची, खाडीच्या काठावर. गावाचं आणि मुलांचं नाव देत नाही. घरच्या धंद्यावरून ओळख पुरे: एक तांडेलाची (मासेमारी होडीच्या म्होरक्याची) मुलगी, एक मोटर रिवाइंडिंगवाल्याचा मुलगा आणि सुपारीच्या बागेतले दोघे जुळे भाऊ. सगळी नववीतली. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवून निवृत्त झालेला. विज्ञानाच्या बाईंनी बोलावलं म्हणून गेलो.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं होतं. दरवर्षीच्या ज्वालामुखीला आणि ठिबक सिंचनाला बाई कंटाळल्या होत्या. मुलांनी काल्पनिक अंतराळयान काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘गलबत’. यान म्हणजे एक प्रचंड चाक. ते स्वतःभोवती फिरतं, म्हणून काठावर राहणाऱ्यांना वजन जाणवतं. जुळ्यांना हे लगेच पटलं, कारण पणजोबांच्या काळातला रहाट त्यांच्या विहिरीवर अजून मोडका उभा आहे. मग शब्दही तिथूनच आले. चाक तो रहाट, मधला भाग तुंबा, तुंब्यातून काठाकडे जाणारे ते आरे. बाहेरून येणारा माल आणि माणसं तुंब्यात उतरणार, वस्ती काठावर. मधला प्रवास आऱ्यातून, चुंबकावर चालणाऱ्या डब्याने. हा डबा कसा चालतो ते वहीत मांडायचं आणि त्यातला एक भाग टेबलावर चालवून दाखवायचा, एवढं काम.

गलबतातली लिफ्ट कशी चालते

आधी आकडे पक्के केले, कारण आकड्यांशिवाय काल्पनिक यान म्हणजे नुसती रांगोळी. माणसाला चक्कर येऊ नये म्हणून रहाटाने मिनिटाला दोनच फेरे घ्यायचे असं ठरलं. दोन फेऱ्यांत काठावर पृथ्वीइतकं वजन हवं तर आरा किती लांब? गणित सांगतं, सुमारे २२४ मीटर. डबा माणसांसकट ६०० किलोचा, वेग सेकंदाला ५ मीटर. सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा सेकंद वेग वाढवण्यात आणि कमी करण्यात गेले, तर तुंब्यापासून काठापर्यंत साधारण ५५ सेकंद लागतात.

डब्याला दोर नाही. जमिनीवरच्या लिफ्टला दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन असतं आणि त्यामुळे मोटरचं काम हलकं होतं. पण तो तोल जमतो कारण तळमजल्यावर आणि दहाव्या मजल्यावर वजन सारखंच भरतं. आऱ्यात तसं नाही. तुंब्यात वजन शून्य, मध्यावर निम्मं, काठावर पूर्ण. डबा खाली आणि तोलाचं वजन वर असेल तर एक पूर्ण भरतो आणि दुसरं काहीच नाही. दोघांचा तोल फक्त मध्यावर जुळतो. शिवाय एका दोरावर एकच डबा. दोर काढून टाकला की एकाच आऱ्यात मागोमाग तीन डबे सोडता येतात. जर्मनीत रॉटवाइलच्या २४६ मीटर उंच चाचणी मनोऱ्यात २०१७ साली अशी बिनदोराची लिफ्ट दाखवली गेली, तेव्हा ही कल्पना निव्वळ हवेतली नाही हे मुलांना दाखवता आलं.

डबा पुढे जातो तो लिनियर मोटरवर. पंपाची मोटर करवतीने उभी चिरून पट्टीसारखी सरळ अंथरली तर जे होईल तेच. वाइंडिंग आऱ्याच्या भिंतीत, चुंबक डब्याला. भिंतीतल्या कॉइली एकामागून एक चालू होतात आणि डब्याला पुढे ओढत नेतात. रिवाइंडिंगवाल्याच्या मुलाला हे एका वाक्यात कळलं. तांडेलाच्या मुलीने ते आपल्या भाषेत आणलं: रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पुढचा माणूस दोर धरतो तेव्हाच मागचा सोडतो, तसं. याहून चांगलं मी तरी शिकवलेलं नाही. सगळ्या आऱ्यात एकाच वेळी वीज नसते. डबा असेल तेवढ्याच तुकड्यात असते आणि डबा कुठे आहे ते भिंतीतले हॉल सेन्सर (जवळचा चुंबक ओळखणारे) सांगत राहतात.

काठाजवळून वर निघताना मोटरला सुमारे २९ किलोवॉट लागतात, म्हणजे चाळीसेक हॉर्सपॉवर. तुंब्याकडे जाताना वजन कमी होत जातं तशी ही गरजही घटते. पूर्ण प्रवासाची ऊर्जा एका युनिटच्या पाचव्या भागाहून कमी आहे. उतरताना हीच मोटर जनरेटर होते आणि त्यातली बरीचशी वीज यानाला परत मिळते.

आता खरी गंमत. फिरत्या आऱ्यात डबा सरळ जाऊ पाहत नाही. काठाकडे जाताना तो एका भिंतीवर रेलतो, तुंब्याकडे येताना समोरच्या. ५ मीटरच्या वेगाला हा आडवा रेटा पृथ्वीवरच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश येतो. ६०० किलोच्या डब्यासाठी तो कोणीतरी १२८ किलोचं पोतं बाजूने लावल्यासारखा. म्हणजे चुंबकांचं मोठं काम डब्याला हवेत तरंगत ठेवण्याचं नाहीच. तुंब्याजवळ तर उचलायला वजनच नाही. त्यांचं काम डब्याला भिंतीपासून दूर ठेवण्याचं आणि ढकलण्याचं. हे मला स्वतःला कळायला तीन आठवडे गेले, आणि पुढचं सगळं प्रकरण त्याचंच आहे.

आणखी दोन गोष्टी वहीत आल्या. तुंब्यातून डबा काठाकडे निघतो तेव्हा आतल्या माणसाला वजन नसतं. डबा निघून जातो आणि माणूस मागे राहून छताला लागतो. सेकंदाला अर्धा मीटर या हिशेबाने वेग वाढवला तरी पहिले ११ मीटर हे चालतं. म्हणून छताला गादी आणि हाताला कड्या. दुसरी गोष्ट: रहाट दहा हजार टनांचा धरला आणि एक डबा काठावर जाऊन बसला, तर सगळ्या यानाचा तोल सव्वा सेंटिमीटरहून थोडा जास्त सरकतो. चाक थोडं लंगडतं. म्हणून समोरासमोरच्या आऱ्यांतले डबे नेहमी जोडीने सोडायचे. रापणीची दोन्ही टोकं सारखी ओढावी लागतात, नाहीतर जाळं तिरकं येतं, हेही तांडेलाच्या मुलीनेच सांगितलं.

अडचण

वहीत इतकं सगळं असताना टेबलावर मात्र आम्ही तरंगणाऱ्या डब्याच्या मागे लागलो. मुलांना तरंगणं हवं होतं. ‘चुंबकी लिफ्ट’ म्हटल्यावर बघणाऱ्यांनाही तेच हवं असतं. चकत्यांसारखे निओडिमियम चुंबक आणले, डब्याला लावले, रुळाला लावले, एकमेकांना ढकलतील असे. डबा हवेत उभा राहिला असं वाटायचं आणि पुढच्या क्षणी कुशीवर वळून खट्कन रुळाला चिकटायचा. दिवसातून चाळीसदा खट्.

यात नशिबाचा काही प्रश्न नव्हता. सॅम्युअल अर्नशॉने १८४२ साली गणिताने दाखवून दिलं आहे की स्थिर चुंबकांच्या नुसत्या ढकलण्या-ओढण्यावर दुसरा चुंबक स्थिर तरंगता राहू शकत नाही. एका दिशेला सावरला तर दुसऱ्या दिशेला निसटतो. हे मला ठाऊक होतं. तरी ‘अजून एक चुंबक इथे लावून बघू’ म्हणत मी तीन आठवडे घालवले, कारण मलाही ते तरंगलेलं बघायचं होतं. वरून प्रत्येक खट्ला चुंबकाचा निकेलचा मुलामा कुठेतरी उडत होता. त्याकडे कोणी पाहिलं नाही.

मग एका संध्याकाळी लाईट गेली. त्या दिवशी आम्ही कॉइलींचा उभा मनोरा नुकताच चालवला होता आणि डबा वरच्या मजल्यावर टेकवून धरला होता. तो वरून सुटला तो थेट तळाच्या फळीवर. फळी चिरली. अंधारात तांडेलाची मुलगी म्हणाली, “सर, गलबतात लाईट गेली तर?”

जुळ्यांपैकी धाकटा म्हणाला, “यानात खंय लाईट जाता?”

पण प्रश्न खरा होता. घरी बसून हिशेब केला. तुंब्याच्या जरा बाहेर डबा सुटला तर सुरुवातीला रेंगाळतो, मग रेटा वाढत जातो. काठाला आदळताना आऱ्याच्या दिशेने वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजे ताशी १६९ किलोमीटरच्या आसपास. जमिनीवर ११२ मीटर उंचीवरून पडल्यासारखं. दुसऱ्या दिवशी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग गप्प झाला.

पर्याय

पहिला, तरंगण्याचा हट्ट चालू ठेवायचा, पण वीजचुंबक आणि सेन्सर लावून. शांघायची मॅग्लेव्ह गाडी अशीच धावते: गाडीचे वीजचुंबक रुळाच्या खालून वर ओढतात आणि मधली फट सतत मोजून विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. अर्नशॉची अट इथे लागू पडत नाही, कारण प्रवाह स्थिर नाही. शक्य आहे, पण नववीच्या मुलांनी सहा आठवड्यांत करायचं तर सगळं माझ्याच हाताने झालं असतं.

दुसरा, चाकांवर टेकणारा डबा आणि लिनियर मोटर. तरंगणं सोडायचं, ढकलणं ठेवायचं. दिसायला साधा, पण वहीतल्या यानाच्या कामाशी जास्त प्रामाणिक.

तिसरा पर्याय एका पालकांनी सुचवला. तंगूस (मासेमारीचा पारदर्शक दोरा) बांधा, मागून ओढा, कोणाला दिसणार नाही. काळ्या पडद्यापुढे खरंच दिसला नसता. दशावतारात नाही का असं चालत, असंही ते म्हणाले. दशावतारात चालतं, कारण तिथे प्रेक्षकाला ठाऊक असतं. हा पर्याय बाईंनी एका वाक्यात संपवला. पण नमूद करतो, कारण दोन मुलांना तो मनापासून पटला होता आणि त्यांना नाही म्हणताना कारण सांगावं लागलं.

चौथा, तरंगण्याचा प्रश्न बाजूला ठेवून थांबवण्यावर सगळा जोर लावायचा. हा कोणी पर्याय म्हणून मांडला नव्हता. तांडेलाच्या मुलीने ४७ मीटरच्या आकड्याकडे बघत म्हटलं, “होडी हाकूक सगळ्यांका येता, बंदराक लावूक कसब लागता.” तिथून तो सुरू झाला.

काय केलं

दुसरा आणि चौथा एकत्र केला. सव्वा मीटरचा उभा पीव्हीसी पाईप, त्यावर बारा कॉइली, प्रत्येकीला चारशे वेढे. तार पॉइंट पंचेचाळीस मिलिमीटर जाडीची, रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली. प्रत्येक कॉइलला एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि सगळ्यांना मिळून त्या स्विचांना हुकूम देणारा एक आर्डुइनो, म्हणजे छोटा संगणक-बोर्ड. डबा म्हणजे पाईपच्या आत सैल बसणारी नळी, पोटात चुंबक. कॉइली रिवाइंडिंगवाल्याच्या मुलाने वडिलांच्या देखरेखीखाली स्वतः गुंडाळल्या. त्याच्या हाताचे वेढे माझ्यापेक्षा सरळ होते.

पहिला निर्णय धरून ठेवण्याचा. एखाद्या मजल्यावर डबा थांबवायचा तर तिथली कॉइल चालू ठेवावी लागते. बारा व्होल्टला दोन अँपिअर म्हणजे २४ वॅट, सगळे उष्णतेत. पाच मिनिटांत वार्निशचा वास सुटला. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर गेले की जोर गमावू लागतात, म्हणजे नुकसान दोन्हीकडून. यानातही हेच होईल. नुसता उभा राहण्यासाठी वीज खाणारा डबा कोणी ठेवणार नाही. म्हणून थांबल्यावर धरायला यांत्रिक काहीतरी हवंच, हे वासाने पटवून दिलं.

दुसरा निर्णय पडण्याचा. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची जाड नळी आणली आणि त्यातून चुंबक सोडून दाखवला. नळी चुंबकाला चिकटत नाही, तरी चुंबक आतून तरंगत आल्यासारखा सावकाश उतरतो. हलता चुंबक तांब्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उभे करतो आणि ते प्रवाह त्याच्याच हालचालीला विरोध करतात. लेंझचा १८३४ सालचा नियम. याला वीज लागत नाही, म्हणून वीज गेल्यावरही तो चालतो. मुलांना वाटलं, सुटलं कोडं. सगळ्या मनोऱ्याला तांबं लावू.

इथे आम्ही थांबलो आणि दोन गोष्टी तपासल्या. एक, तांबं उतरताना अडवतं तसं चढतानाही अडवतं. सगळीकडे लावलं तर मोटरचा अर्धा जोर त्यातच जाईल. दुसरी महत्त्वाची: हा ब्रेक वेगावर जगतो. वेग कमी झाला की जोरही कमी, वेग शून्य झाला की जोर शून्य. म्हणजे तो हळू करतो, थांबवत नाही. रिवाइंडिंगवाल्याच्या मुलाने मनोऱ्यात बघत म्हटलं, “सर, ह्या हळू येता, पण थांबणा नाय.” तांबं फक्त खालच्या तिसऱ्या भागात लावायचं ठरलं.

तिसरा निर्णय पंजाचा. कोकण रेल्वेच्या डब्याला असतो तसा एअर ब्रेक उदाहरणाला घेतला: नळीतली हवा ब्रेक सोडवून ठेवते आणि हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. तसा पंजा हवा. वीज त्याला मागे धरून ठेवेल आणि वीज गेली की तो स्प्रिंगने पुढे येईल. स्प्रिंगसाठी मोडक्या छत्रीची काडी वापरली. पोलादी काडी, चांगली लवचीक, कोकणात छत्र्यांना तोटा नाही. लावली आणि पहिल्याच खेपेला डब्यातल्या चुंबकाने ती स्वतःकडे ओढून घेतली. डबा अडकला. मी ३० वर्षं वाइंडिंग शिकवतो आणि चुंबकाशेजारी पोलाद लावतो. जुळे बराच वेळ हसले.

मग थोरला जुळा अंगणात जाऊन वाढवणीचा, म्हणजे खराट्याचा, एक हीर उपसून घेऊन आला. माडाच्या पातीचा हीर लवतो, मोडत नाही आणि चुंबकाला ओळखत नाही. त्याच्या मागच्या टोकाला दोऱ्याने लोखंडी नट बांधला, डब्यापासून चार बोटं लांब. नटासमोर छोटा सोलेनॉइड, म्हणजे वीज असेपर्यंत लोखंड ओढणारी कॉइल. वीज आहे तोवर नट ओढलेला आणि हीर मागे. वीज गेली की हीर सुटून डब्याच्या खाचेत. असे तीन पंजे, तीन मजल्यांवर.

काय झालं

प्रदर्शनात मनोरा दिवसभर चालला. मुलं डबा वर न्यायची, मधेच प्लग काढायची आणि डबा पंज्यात अडकायचा. वरचे दोन पंजे नीट धरत होते. सर्वांत खालच्या पंज्याचा हीर दमट हवेत सैल पडला. तिथे डबा निसटायचा आणि तांब्यातून सावकाश तळाला यायचा. मुलांनी ते लपवलं नाही. उलट ‘पंजा निकामी झाल्यावर दुसरी सोय’ असं म्हणून तेच दाखवलं. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

निवड झाली नाही. परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, डबा तरंगत नाही मग चुंबकी लिफ्ट कशी? तांडेलाच्या मुलीने वहीतला आडव्या रेट्याचा आकडा काढून दाखवला. त्यांनी ऐकलं, पण रांग मोठी होती. माझ्या मते दोष त्यांचा कमी आणि आमच्या मांडणीचा जास्त. आम्ही वीज गेल्यावरची गोष्ट मनोऱ्याच्या मागच्या फलकावर लिहिली होती आणि पुढच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ‘चुंबकी लिफ्ट’. बघणारा तरंगणं शोधतच आला.

आता करायचं तर

सुरुवात लाईट घालवून करेन. पहिल्या दिवशी, काही बांधायच्या आधी, हा प्रश्न: डबा वर आहे आणि वीज गेली, पुढे काय? त्या एका प्रश्नातून पंजा, तांबं, कॉइलची उष्णता, सगळं क्रमाने आलं असतं आणि तीन आठवडे वाचले असते. अर्थात चाळीस खट्ंतून मुलांना अर्नशॉ हाताने कळला, म्हणून ते आठवडे अगदी वाया गेले असंही म्हणवत नाही. पण एक आठवडा पुरे होता.

आडवा रेटा टेबलावर दाखवायला हवा होता. वहीतली सर्वांत चांगली गोष्ट वहीतच राहिली. जत्रेतल्या चक्रासारखी फिरती फळी, तिच्यावर मधून काठाकडे जाणारी खोबण आणि खोबणीत एक गोटी, एवढ्यावर भागलं असतं. गोटी कुठल्या भिंतीला घासते ते लहान मूलही सांगतं.

आणि चुंबक जपायचे. पावसाळ्यात कपाट उघडलं तेव्हा तरंगण्याच्या खेळात टवके उडालेले चुंबक टवक्यांच्या जागी फुगून भुरभुरीत झाले होते, हाताला काळी पूड लागत होती. निओडिमियम चुंबकात लोखंड भरपूर असतं. मुलामा फुटला की खारी हवा आत शिरते. ज्यांचा मुलामा शाबूत होता ते तसेच चकचकीत. आता नवीन चुंबक आले की मुलं आधी त्यांना होडीला लावतात त्या रेझिनचा हात देतात.

मनोरा प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा आहे. खालच्या पंज्याला हिराच्या जागी बांबूची कामटी लावली आहे, ती धरते. तांडेलाची मुलगी दहावीत गेली. समोरच्या आऱ्यातला जोडीचा डबा मधेच अडकला तर पहिल्याने पुढे जायचं की परत फिरायचं, हे तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, उत्तराची जागा मोकळी सोडून.